अर्ध्या सेकंदाची शंका

(पडदा काळा. टर्मिनलमध्ये लुकलुकणारा कर्सर.)

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसचे डेव्हलपर वेगाच्या बारीक चाचण्या घेत होते. अशा चाचणीला मशीन शांत लागतं, मध्येच दुसरं काही चाललं की आकडे बिघडतात. त्यांचं मशीन शांत नव्हतं. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचची प्रोसेस सीपीयू खात होती, आणि तीसुद्धा चुकीच्या नावानं लॉगिनचे प्रयत्न होत असताना, म्हणजे जिथे लगेच नकार मिळून विषय संपायला हवा तिथे. त्यांनी वेळ मोजली. पूर्वी लॉगिनला साधारण ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागत होते.

नेटवर्कच्या नावावर सहज खपून गेला असता हा अर्धा सेकंद. फ्रॉइंड यांना मात्र आठवलं, की काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत मेमरीतल्या चुका हुडकणाऱ्या व्हॅलग्रिंडनं एक विचित्र तक्रार नोंदवली होती. ती तक्रारही काही पॅकेजं अपडेट झाल्यानंतरची. हे दोन धागे जुळवत ते एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्यांनी तो जगजाहीर केला. बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तोवर तो शिरला नव्हता.

यात योगायोगांचा वाटा मोठा होता, असं खुद्द फ्रॉइंड यांनीच सांगितलं. तो होताच. पण अर्ध्या सेकंदामागे हात धुऊन लागण्याची ही सवय पोस्टग्रेसच्या लोकांमध्ये मुरलेली आहे, आणि ही फिल्म त्या सवयीबद्दल आहे.

(जुन्या संगणक प्रयोगशाळेची छायाचित्रं.)

१९८६ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली पोस्टग्रेस सुरू झालं. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्याला डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, शिकवली. १९९६ पासून ते विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांच्या हाती आहे. त्याला एक मालक नाही. अनेक कंपन्या आपली माणसं या कामाला लावतात, पण त्यातली कुणीही एक कंपनी उद्या उठून परवाना बदलू शकत नाही. मार्च २०२४ मध्येच रेडिस या दुसऱ्या डेटाबेसनं आपला परवाना बदलला, तेव्हा काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की नावाची वेगळी शाखा उभी राहिली. आपला डेटाबेस कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न निवड करतानाच विचारलेला बरा.

(पडद्यावर पॅचचा मजकूर सरकतो आहे. हिरव्या आणि लाल ओळी.)

पोस्टग्रेसमध्ये बदल सुचवायचा तर पॅच, म्हणजे कोडमधला नेमका बदल, पाठवायचा आणि वाट पाहायची. हे पॅच तपासायला वर्षभरात काही महिने ठरवून दिलेले असतात. त्यांना कमिटफेस्ट म्हणतात. कुणीतरी पॅच वाचतो, चालवून बघतो, हरकत घेतो. पॅच लिहिणारा दुरुस्त करून पुन्हा पाठवतो. काही पॅच वर्षानुवर्षं असे फिरत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. मला यातच या डेटाबेसचं खरं बळ दिसतं.

यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीला दिलेला एकमेव ओळख-क्रमांक. त्याच्या सातव्या आवृत्तीचंच बघा. रँडम यूयूआयडी प्रायमरी की, म्हणजे टेबलमधल्या नोंदीची मुख्य ओळख, म्हणून वापरली, की प्रत्येक नवी नोंद इंडेक्सच्या, म्हणजे शोधसूचीच्या, भलत्याच पानावर जाऊन पडते. सातव्या आवृत्तीत सुरुवातीलाच मिलिसेकंदापर्यंतची वेळ असते, त्यामुळे नव्या नोंदी शेजारीशेजारी बसतात. सगळ्यांना हवंहवंसं असं हे फंक्शन. पॅचही तयार होता. पण १७व्या आवृत्तीची मुदत एप्रिल २०२४ मध्ये संपत होती, आणि आंतरराष्ट्रीय मानकावर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायचं होतं. मानक पक्कं झाल्याशिवाय घ्यायचं नाही, असं ठरलं. मानक मे महिन्यात आलं. फंक्शन पुढच्या वर्षी, १८व्या आवृत्तीत आलं.

आणि एवढी चिकित्सा करूनही मोठी चूक नजरेआड राहू शकते. २०१८ साली ती उघड झाली.

(रेखाचित्र: डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिमची मेमरी, डिस्क.)

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितं. मूळ फाइलींतले बदल ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत थांबतात. मग चेकपॉइंटच्या, म्हणजे सगळं डिस्कवर पक्कं करायच्या, वेळी पोस्टग्रेस एफसिंक ही आज्ञा देतं, म्हणजे 'आता हे खरोखर डिस्कवर उतरव'. आज्ञा फसली तर? पोस्टग्रेसचा समज असा, की पुन्हा आज्ञा द्यायची, ती यशस्वी झाली की काम झालं. लिनक्सचं वागणं वेगळं होतं. लिहिणं फसलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती पानं 'आता काही बाकी नाही' अशी खूण करून मोकळा होई. दुसऱ्या वेळी आज्ञा आली, की लिहायला काही उरलेलंच नसे, म्हणून उत्तर येई, 'यशस्वी'. त्या उत्तरावर विसंबून पोस्टग्रेस जुना लॉग टाकून देई. डेटा गेलेला, आणि कुणाला पत्ता नाही.

जवळपास २० वर्षं हा समज तसाच चालत आला होता. कर्नलवाल्यांची बाजूही चुकीची नव्हती: कुणी पेनड्राइव्ह उपटून नेला, तर त्याची पानं मेमरीत कायमची किती सांभाळायची? वाद उघडपणे झाला, कडाक्याचा झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये उपाय आला. एफसिंक फसलं की पोस्टग्रेस आता स्वतःहून कोसळतं आणि लॉगमधून सगळं पुन्हा उभं करतं. चालू डेटाबेस मुद्दाम पाडणं ऐकायला भयंकर वाटतं, पण खोट्या 'यशस्वी'पेक्षा ते शंभर पटींनी बरं.

(स्क्रीनवर दोन क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, एकाखाली एक.)

आता हीच बारीक नजर आपल्या स्वतःच्या टेबलकडे वळवू या. एकाच रोचं, म्हणजे एकाच ओळीचं, टेबल करा आणि त्या रोचा सीटीआयडी, म्हणजे त्याचा डिस्कवरचा पत्ता, विचारा. उत्तर येईल शून्य स्वल्पविराम एक: पान शून्य, जागा एक. तो रो अपडेट करा आणि पुन्हा विचारा. शून्य स्वल्पविराम दोन. पोस्टग्रेसनं जुना रो खोडला नाही, नवा लिहिला. जुना तिथेच पडून आहे, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटाला, तो अजून दिसायला हवा असू शकतो.

हे मेलेले रो साफ करतं ऑटोव्हॅक्यूम. मूळ सेटिंगमध्ये ते टेबलच्या २० टक्के रो मेल्यावर जागं होतं, वर आणखी ५० रो. छोट्या टेबलला हे ठीक. १० कोटी रोच्या टेबलमध्ये मात्र तोवर २ कोटी मेलेले रो साठलेले असतात. अशा टेबलपुरता हा २० टक्क्यांचा आकडा, म्हणजे स्केल फॅक्टर, ०.०१ किंवा ०.०२ वर आणा. सगळ्या सर्व्हरचं सेटिंग बदलायची गरज नाही.

तरीही टेबल फुगतच असेल, तर पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे चालू जोडण्यांच्या यादीत, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' शोधा. कुठल्यातरी ॲप्लिकेशननं ट्रान्झॅक्शन उघडून कमिट, म्हणजे पक्कं, न करता तसंच सोडलेलं असतं, आणि ते उघडं असेपर्यंत व्हॅक्यूमला त्यानंतर मेलेल्या रोंना हात लावता येत नाही. अशा सेशनसाठी टाइमआउट आहे, पण मुळात तो बंद असतो. तो चालू करा.

(नव्या आवृत्तीची घोषणा. तारीख: २५ सप्टेंबर २०२५.)

१८व्या आवृत्तीचा गाजावाजा झाला तो असिंक्रोनस आयओचा. डिस्कवरून एक वाचन पूर्ण होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही, पुढची वाचनं आधीच मागवून ठेवायची. बदल खरोखर मोठा आहे, आणि त्यामागेही मुख्यतः फ्रॉइंड यांचीच मेहनत. पण सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मी दुसऱ्या दोन गोष्टी आधी सांगेन.

पहिली सुखाची. पूर्वी मोठं अपग्रेड झालं, की क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या प्लॅनरची आकडेवारी मागेच राहायची आणि ॲनालाइझ, म्हणजे ती पुन्हा गोळा करणं, होईपर्यंत क्वेरी रेंगाळायच्या. आता अपग्रेड करणारं साधन, पीजी अपग्रेड, त्यातली बहुतेक आकडेवारी सोबत आणतं. दुसरी गोष्ट अडवणारी. १८मध्ये नवं क्लस्टर, म्हणजे एका सर्व्हरवरच्या डेटाबेसांचा संच, करताना चेकसम, म्हणजे डेटा बिघडला तर ओळखू देणारे आकडे, आपोआप चालू असतात, आणि जुन्यानव्याचं हे सेटिंग जुळलं नाही तर पीजी अपग्रेड चालतच नाही. जुन्यात चेकसम नसतील, तर नवं क्लस्टरही चेकसम बंद ठेवून तयार करा किंवा जुन्यावर आधी चालू करून घ्या. हे रात्री सर्व्हर बंद करायच्या आधी तपासायचं, नंतर नाही.

आणि पुढच्या आवृत्तीसाठी थांबू नका. पहिली बीटा साधारणतः मे महिन्यात येते, अंतिम आवृत्ती सप्टेंबरच्या सुमारास. मधले चार महिने तुमच्यासाठीच असतात. वेगळ्या मशीनवर तुमचा बॅकअप चढवा, तुमच्या सगळ्यात जड क्वेरी एक्स्प्लेन ॲनालाइझसह, म्हणजे क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेसह, दोन्ही आवृत्त्यांवर चालवा आणि प्लॅन शेजारी ठेवून वाचा. एखादी क्वेरी विनाकारण मंदावली तर कळवा. सोबत नेमकी आवृत्ती, टेबलची रचना आणि तोच प्रकार पुन्हा घडवून दाखवणारं लहानात लहान उदाहरण जोडा. ज्याला ते तपासायचं आहे, त्याला सगळ्यात आधी तेच लागतं.