साखरेचं नाव 2345-7

(पडद्यावर: कागदी केसपेपरचे गठ्ठे, पानं उलटणारे हात.)

1972 साल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची राजधानी, इंडियानापोलिस. इथल्या सरकारी रुग्णालयातली मधुमेहाची ओपीडी. रुग्ण समोर बसलेला, टेबलावर त्याची जाडजूड फाइल. मागच्या वेळी पोटॅशियम किती होतं, कुठलं औषध बदललं, सगळं त्या फाइलमध्ये आहे. पण शोधायचं कधी? बाहेर रांग लागलेली.

डॉ. क्लेमेंट मॅकडॉनल्ड तेव्हा नुकतेच रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. ही संस्था सॅम रीगनस्ट्रीफ या डिशवॉशर बनवणाऱ्या कारखानदाराच्या पैशातून उभी राहिली. कारखान्यात कामाची घडी बसते, तशी ती दवाखान्यातही बसावी, ही त्यांची इच्छा.

मॅकडॉनल्ड यांनी सुरुवात केली ती फक्त 35 मधुमेही रुग्णांपासून. त्यांच्या नोंदी संगणकात गेल्या. मग रुग्ण आत येण्याआधी संगणकानं छापलेला एक कागद डॉक्टरांच्या हाती पडू लागला: याला अमुक औषध चालू आहे, तमुक तपासणी राहिली आहे.

1976 मध्ये त्यांनी याचा हिशेब प्रसिद्ध केला. आठवणीचा कागद हाती असताना डॉक्टरांनी 51 टक्के वेळा योग्य ती दखल घेतली. कागद नसताना, 22 टक्के. डॉक्टर तेच, ओपीडी तीच. मला या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती मॅकडॉनल्ड यांनी काढलेला अर्थ. यातल्या बऱ्याचशा चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, असं त्यांनी मांडलं. एवढी माहिती एका वेळी ध्यानात ठेवणं माणसाला झेपत नाही, म्हणून त्या होतात. डॉक्टरांना बोल लावून काय होणार? माहिती त्यांच्यासमोर आणून ठेवायला हवी.

(पडद्यावर: रात्र, रुग्णवाहिका, इमर्जन्सी विभागाचं दार.)

पण माणूस दर वेळी एकाच रुग्णालयात जातो असं थोडंच आहे? छातीत दुखायला लागलं की जवळचं दार गाठतो. तिथं त्याची फाइल नसते. 1990च्या दशकात रीगनस्ट्रीफच्या मंडळींनी शहरातली वेगवेगळी रुग्णालयं जोडायला घेतली आणि अडचण आली ती नावांची.

एक प्रयोगशाळा लिहायची ग्लुकोज. दुसरी, ब्लड शुगर. तिसरीकडे नुसता त्यांचा आपला अंतर्गत आकडा. तारेवरून रिपोर्ट पोचायचा, पण पलीकडच्या संगणकाला तो कशाचा आहे हे कळायचं नाही.

1994 मध्ये मॅकडॉनल्ड यांच्या पुढाकारानं नावं ठरवायचं काम सुरू झालं. त्याचं नाव लॉइन्क. प्रत्येक तपासणीला सहा प्रश्न विचारायचे. काय मोजलं? कुठल्या मापात? एका क्षणाचा नमुना की चोवीस तासांचा? रक्तातून की लघवीतून? उत्तर अंकात की शब्दांत? आणि गरज असेल तिथं, कुठल्या पद्धतीनं? मग त्याला एक क्रमांक द्यायचा. सीरम किंवा प्लाझ्मातली, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजली, तर 2345-7. लघवीतली साखर पट्टीनं तपासली, तर 5792-7. रेघेनंतरचा अंक पडताळणीचा, टंकताना आकडा चुकला तर पकडण्यासाठी.

किती किचकट काम हे! हजारो तपासण्या, एकेक करून. आज ही यादी एक लाखाच्या पुढे गेली आहे आणि जगात कुणालाही ती फुकट वापरता येते.

2004 मध्ये इंडियानात आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. 2006 मध्ये मॅकडॉनल्ड अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयात संशोधन केंद्राचे संचालक म्हणून गेले.

(पडद्यावर: पुणे. मग एका घरातलं कपाट.)

भारत सरकारच्या 2016च्या आरोग्य नोंदींच्या मानकांमध्येही लॉइन्क आहे. ही मानकं वापरणाऱ्यांना मदत करणारं राष्ट्रीय केंद्र आहे पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत.

आपल्या घरांत मात्र रिपोर्ट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच सापडतात, एक्स-रेच्या पाकिटाशेजारी घडी घालून ठेवलेले. त्यातला एखादा काढून पाहा. ज्याला आपण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, तो एचबीए1सी त्यावर असेल. त्याचा क्रमांक 4548-4. इंडियानापोलिसमध्येही तोच.