शंकरपाळीचं टिंब

(ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. शब्दांकन करताना पुनरुक्ती काढली आहे. विषयांतरं वक्त्यांच्या आग्रहावरून ठेवली आहेत.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा, असं म्हणायची पद्धत आहे. ज्यांना ऐकूच येत नाही ते हात कसा वर करणार, हे मला अजून कळलेलं नाही. असो.

सुरुवात माझ्या पाठीमागच्या फ्लेक्सपासून करतो. आयोजकांनी रागावू नये. विषय बरोबर छापलाय, ‘परदेशातल्या पाट्या आणि आपली अक्षरं’. फोटोही चांगला आहे, कारण तो दहा वर्षांपूर्वीचा आहे. पण आडनाव वाचा. माझ्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, या पंगतीतला मी. फ्लेक्सवर मात्र ‘ह’च्या डोक्यावर रफार ठेवून दिलाय. या आडनावाचा माणूस पृथ्वीवर नाही. त्यामुळे आज मी जे काही चुकीचं बोलेन, त्याची जबाबदारी त्याच्यावर.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अर्ध्या ‘र’चं काय घेऊन बसलात? पण दर्या आणि दऱ्या एकच का? एकात बुडतो, दुसऱ्यात पडतो. लग्नात ‘आचार्यांना दक्षिणा द्या’ म्हटलं तर पाकीट एकाच्या हातात जातं, ‘आचाऱ्यांना द्या’ म्हटलं तर दुसऱ्याच्या. आणि आमच्याकडची जेवणं आठवली तर दुसऱ्यालाच द्यायला हवं. हिंदीत हा ‘र’ नाही. कॉम्प्युटरवर तो काढायचा तर खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’, असा घाट चढावा लागतो. तेवढा कोण चढणार?

आमची सोसायटी घोडबंदर रोडला आहे. तळमजल्यावर सगळ्यांच्या नावांची पाटी आहे. ती मी तीनदा बदलायला लावली. पहिल्यांदा रफार. दुसऱ्यांदा पाय मोडलेला ‘र’ आणि त्याच्या बाजूला ‘ह’, म्हणजे ‘र’ काठी टेकत ‘ह’कडे निघालाय असं दृश्य. तिसऱ्यांदा पाटीवाला मुलगा म्हणाला, ‘सर, इंग्लिशमध्ये करून देऊ का? क्लीन दिसतं.’ मी सेक्रेटरींकडे गेलो. सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, ‘अहो, इथे सगळे ओळखतात की तुम्हाला. पोस्टमनसुद्धा ओळखतो.’

मी गप्प बसलो. घरी येऊन जिन्यात उत्तर सुचलं, नेहमीसारखं. ओळखणाऱ्याला पाटी कशाला हवी? पोस्टमन ओळखतो, दूधवाला ओळखतो, तुम्ही ओळखता. पाटी असते ती जो ओळखत नाही त्याच्यासाठी. आपल्याकडे पाटी लिहितो माहितगार आणि ती पास करतो दुसरा माहितगार. ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस त्या खोलीत कधी बसलेलाच नसतो. आज मला एवढंच सांगायचंय. बाकीचं सगळं मीठ-मसाला. पण मसाला बराच आहे.

मी असा अनोळखी माणूस पहिल्यांदा झालो २००३ च्या सप्टेंबरमध्ये. शिकायला इंग्लंडला गेलो होतो, विषय वाहतूक नियोजन. म्हणजे अक्षरांशी संबंध शून्य. हीथ्रोला उतरलो. इंग्रजी येतं असा समज होता, तो पहिल्या अर्ध्या तासात गेला. काउंटरवरच्या बाई काय म्हणाल्या ते तीनदा विचारूनही कळेना. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून नुसतं ‘यस’ म्हटलं आणि पाट्या बघत निघालो. एकही चूक न करता मुक्कामी पोचलो! बोलणं कळलं नाही, पाटी कळली.

भुयारी गाडीत समोरच्या खांबावर स्टेशनाचं नाव होतं. त्यातल्या छोट्या ‘आय’वरचं टिंब गोल नव्हतं. शंकरपाळीसारखं होतं. मला वाटलं छपाईची चूक. पुढच्या स्टेशनवर बघितलं, तिथेही शंकरपाळी. दिवाळी महिन्याभरावर, आई घरी तळायला घेणार असेल, आणि मी लंडनच्या भुयारात शंकरपाळ्या मोजतोय. तिथून हे वेड लागलं.

ते अक्षर एडवर्ड जॉन्स्टनचं. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या फ्रँक पिक नावाच्या अधिकाऱ्याने १९१३ मध्ये त्याला ते काम दिलं आणि १९१६ मध्ये ते वापरात आलं. जॉन्स्टन हाताने अक्षर काढणारा माणूस. रुंद टोकाचा टाक तिरका धरून नुसता टेकवला की कागदावर शंकरपाळीच उमटते. इथे ज्यांनी बोरूने कित्ता गिरवलाय ते माना डोलावताहेत, दिसतंय मला. फरक एवढाच की देवनागरीसाठी बोरूच्या टोकाचा तिरका छाट उलट्या बाजूला असतो, त्यामुळे आपली जाड रेघ त्यांच्या बारीक रेघेच्या जागी येते. एकोणीसशे एकोणऐंशीच्या सुमारास ते अक्षर नव्याने घडवलं एइची कोनो या जपानी माणसाने. ज्याची मातृलिपी रोमन नाही अशाने! हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. वेळ उरला तर.

रस्त्यावरच्या पाट्यांची गोष्ट तर आणखी छान. १९५८ मध्ये ब्रिटनचा पहिला मोटरवे, प्रेस्टनचा बायपास, सुरू झाला. भरधाव गाडीतून वाचता येतील अशा पाट्या हव्या होत्या. ते काम जॉक किनिअर आणि त्यांची विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केलं. त्यांनी गावांची नावं मोठ्या-छोट्या अक्षरांत लिहिली, कारण छोट्या अक्षरांना वर-खाली शेंड्या-शेपट्या असतात आणि शब्दाचा आकार लांबूनच ओळखू येतो. डेव्हिड किंडर्स्ली हे दगडात अक्षरं कोरणारे नामवंत. ते म्हणाले, छे, नुसती कॅपिटल चांगली. वर्तमानपत्रांत पत्रापत्री झाली. शेवटी एका धावपट्टीवर माणसं खुर्च्यांवर बसवली, गाडीच्या टपावर पाटी लावली आणि गाडी त्यांच्या दिशेने चालवत आणली. कोणती पाटी आधी वाचता येते ते मोजलं. निकालात फारसा फरक निघाला नाही, ते सोडा. अक्षरासाठी माणसं खुर्च्या घेऊन मैदानात बसली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण मैदानात खुर्च्या कशासाठी मांडतो ते मी सांगत नाही, निवडणुका जवळ आल्यात.

१ जानेवारी १९६५ पासून त्या नव्या पाट्या देशभर लागू झाल्या. ‘पुढे गुरं आहेत’ या पाटीवरची गाय खरी होती. कॅल्व्हर्टबाईंच्या नातेवाइकांच्या शेतावरची, नाव पेशन्स. शाळेच्या पाटीवर आधी मुलगा मुलीला घेऊन चालायचा. बाईंनी ते उलटवलं, मुलगी मुलाचा हात धरून नेते.

मग सुट्टीत मी बसने वेल्सला गेलो. तिकीट कार्डिफचं. पाट्यांवर कार्डिफच्या जोडीला आणखी एक लांबलचक नाव दिसत राहिलं. दोन गावं असतील असं समजून मी बराच वेळ ते दुसरं गाव कधी येतं याची वाट बघत होतो. ते वेल्श भाषेतलं कार्डिफच होतं. आणि डांबरावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ए-आर-ए-एफ. उच्चार ‘आरव’, अर्थ ‘हळू’. आज ठाण्यात प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन तरी आरव आहेत. एकही हळू चालवत नाही.

वेल्समध्येही सगळं गोड नाही बरं का. २००८ मध्ये स्वॉन्झीला एक पाटी लागली. वर इंग्रजीत ‘अवजड वाहनांना प्रवेश नाही’ आणि खाली वेल्शमध्ये ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काही काम असल्यास पाठवून द्या.’ झालं असं की मजकूर भाषांतरासाठी ईमेलने पाठवला, भाषांतरकार रजेवर, त्याचं आपोआप उत्तर आलं, आणि ते तसंच्या तसं रंगवून रस्त्यावर उभं केलं. वेल्श न येणाऱ्याने लिहून घेतलं, वेल्श न येणाऱ्याने पास केलं.

हसलात? आता ठाण्याला या. मी २००४ च्या शेवटी परत आलो. त्याच नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. नवी लाईन, नवी स्टेशनं, मी हौसेने फिरायला गेलो. वाशी-नेरुळहून आलेल्या मंडळींना सांगतो, तेव्हापासून मी तुमच्याकडच्या पाट्या जमवतोय. स्टेशनांबद्दल नाही म्हणत, रस्त्यांवरच्या फलकांबद्दल म्हणतोय. खातं सांगणार नाही. घणसोलीचं ‘घनसोली’. तळोज्याचं ‘तलोजा’. कळव्याचं ‘कलवा’. कोपरखैरण्याचं काय झालंय ते लहान मुलांसमोर वाचत नाही. आणि आपल्या ठाण्याचं? ‘थाने’! इंग्रजी स्पेलिंग यंत्रात घातलं, यंत्राने देवनागरी काढून दिली. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली, त्या गावाला स्वतःचा ‘ठ’ मिळू नये? तुम्ही-आम्ही त्या पाटीखालून रोज जातो. आपल्याला कळतं, कारण आपल्याला माहीत असतं.

आणि नवी मुंबईकरांनो, तुमचे ते सेक्टर! सेक्टर १७ वाशीलाही आहे आणि नेरुळलाही. एकदा एका स्नेह्यांकडे पूजेला गेलो, चुकीच्या नोडमधल्या, म्हणजे शहराच्या चुकीच्या भागातल्या, बरोबर सेक्टरमध्ये. तिथेही नेमकी पूजा चालू होती. प्रसाद घेतला.

जर्मनीबद्दल दोनच वाक्यं. तिथे गाड्यांच्या नंबरप्लेटसाठी कार्लगेओर्ग हेफर यांनी खास अक्षर घडवलं, कारण रंगाच्या एका फटकाऱ्याने ‘पी’चा ‘आर’ करता येऊ नये. आपल्याकडे ४१४१ चा ‘दादा’ करतात, आणि तो सगळ्यांना लांबून वाचता येतो, हे कबूल करायला हवं. स्वित्झर्लंडच्या स्टेशनवरच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा बाराच्या खुणेवर क्षणभर थांबतो, ते सांगायचं होतं, पण चिठ्ठी आलीय.

‘पाच मिनिटे.’ शाईपेनाने लिहिलंय. आणि वर माझं आडनाव, ‘ऱ्ह’सकट, अगदी बरोबर! कुणी लिहिली ही? तुम्ही? बाई, तुम्ही शाळेत होता का? वाटलंच.

बरं, मुख्य विषय. पाच मिनिटांत.

दुकानांवर मराठी पाट्या हव्यात, हा कायदा २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही लागू झाला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. मी त्या बाजूचाच आहे. कायदा म्हणतो, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. पण मोजायचं कुठून? आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. या सगळ्यांना जागा ठेवली की मधल्या ‘क’ला उरतं थोडंच. इंग्रजी कॅपिटल मात्र ओळीची उंची खुशाल व्यापून बसतं. फूटपट्टीने दोन्ही ओळी सारख्या, आणि रस्त्यापलीकडून बघितलं तर मराठी लहान. पट्टी मात्रेपासून न धरता शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरा. हा पहिला मुद्दा.

दुसरा. नाव मावलं नाही की फ्लेक्सवाला ते दोन्ही बाजूंनी दाबतो. त्याने काने बारीक होतात, शिरोरेषा जाडच राहते, आणि शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसतो. नाहीतर अक्षरं लांब लांब करतो, मग शिरोरेषाच तुटते. त्यापेक्षा दोन ओळी करा.

तिसरा, रात्रीचा. दिव्याच्या झोतात पांढरं अक्षर फुगतं. म्हणून किनिअर-कॅल्व्हर्टनी दोन वजनं केली, गडद पाटीवरच्या पांढऱ्या अक्षराला बारीक आणि पांढऱ्या पाटीवरच्या काळ्याला जाड. आपल्याकडे एकच जाड वजन सगळीकडे, आणि मग ‘भ’, ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात.

आपल्याकडे जाण नाही असं नाही. पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत काढलेली अक्षरं बघून माणसं गडकरी रंगायतनच्या रांगेत उभी राहिली. पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ ही मराठी वळणं वापरा, असं शासनाने २००९ मध्ये सांगितलं, २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. अक्षर आहे, माणसं आहेत, आदेशही आहे. फक्त पाटी पास करणाऱ्या खोलीत एक अनोळखी माणूस बसवा. एखादा कालच आलेला, ज्याला माजिवडा कुठे ते ठाऊक नाही. तो कोनो आठवतो ना? जपानी. परक्या डोळ्याला जे दिसतं ते...

हो हो, थांबतो. दुसरी चिठ्ठी नको. प्रश्न असतील तर माईक त्या काकांकडे द्या, त्यांचा हात मघापासून वर आहे. का हो, ऐकू येत नव्हतं म्हणून? बरं. आणि तोवर कुणाकडे काळा मार्कर आहे का? जाड टोकाचा हवा. ते स्टूल जरा इकडे सरकवा. फ्लेक्सवर माझंच नाव आहे, उद्याच्या वक्त्यांना त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा खराब झाला तरी चालेल. धरा हं, स्टूल हलतंय.