हांगझोऊला पळणाऱ्यांनी काय केलं
१ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ, आशियाई स्पर्धेतली पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस. साडेसात राऊंड, २८ अडथळे आणि वर ७ वेळा पाण्यावरनं उडी, दम खायला जागाच नाही. सगळ्यांना मागे टाकून एकटाच पळतोय ना, तो आपला अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शेतकऱ्याचं पोर, बारावीनंतर आर्मीत महार रेजिमेंटला लागला, सियाचीनला पोस्टिंग झालं, स्टीपलचेस वगैरे सगळं त्याच्यानंतर. ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला फायनलसुद्धा गाठता आली नव्हती आणि इथे थेट ८ मिनिटं १९.५० सेकंद, स्पर्धेचा रेकॉर्ड! ह्या शर्यतीत एशियाडचं गोल्ड घेणारा पहिला भारतीय पुरुष. मग ५००० मीटरचं सिल्व्हर पण आणलं पठ्ठ्यानं.

आता मेरठकडची पारुल चौधरी. २ तारखेला स्टीपलचेसचं सिल्व्हर, आणि दुसऱ्याच दिवशी परत ५००० मीटरला उभी, पाय काय म्हणत असतील विचार करा. शेवटपर्यंत जपानची हिरोनाका पुढे, आणि अगदी तीसेक मीटर राहिले असताना पारुलनं जो काही जोर लावला आणि गोल्ड खेचलं, मी तो तुकडा कितीदा बघितला तरी अंगावर काटा येतोच. नंतर तिनं सांगितलं, डोक्यात एकच होतं, गोल्ड आलं की यूपी पोलिसात डीएसपी.

भाल्यात नीरज चोप्रा ८८.८८ मीटर आणि ओडिशाचा किशोर जेना ८७.५४, पहिला दुसरा दोघं आपलेच, मधे तर जेनाच पुढे होता. त्याचा एक थ्रो फाउल दिला तर दाद माग म्हणून नीरजच मागे लागला, आणि तो थ्रो धरला गेला. ज्याच्याशी मेडलसाठी लढायचं त्याच्याचसाठी भांडायचं, ह्याला टीम म्हणतात राव.

पुरुषांच्या ४×४०० मीटर रिलेत अनस, अमोज, अजमल, राजेश, ३ मिनिटं १.५८ सेकंद, गोल्ड. गोळाफेकीत तजिंदरपाल सिंग तूर, महिलांच्या भाल्यात अन्नू राणी, दोघांचं पण गोल्ड.

एकूण २९ मेडल, ६ गोल्ड, १४ सिल्व्हर, ९ ब्राँझ. ॲथलेटिक्समध्ये ह्याहून जास्त फक्त १९५१ ला, ३४. पण ती स्पर्धा दिल्लीत, आपल्याच घरी, देश आलेले ११, चीन त्यात नव्हताच. हांगझोऊला ४५ देश होते, म्हणून मला तरी हे २९ जास्त मोठे वाटतात.