दवंडी कुणाच्या नावानं?

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घडलेली गोष्ट आधी सांगतो. सकाळी सातच्या सुमारास एकेकाच्या फोनवर मेसेज येऊ लागला: मुख्य जलवाहिनी फुटली आहे, पुढचे आठ दिवस पाणी येणार नाही, सर्वांना कळवा. सोलापूरकराला पाण्याबद्दल वेगळं काय सांगायचं? नळ सुटायचा दिवस आपल्या अंगात मुरलेला असतो, त्यावर पाहुण्यांचं येणं-जाणं ठरतं. तासाभरात गल्लीच्या तोंडाशी दोन टँकर लागले. पिंपं, बादल्या, कळश्या, लग्नात मिळालेले स्टीलचे डबेसुद्धा बाहेर निघाले. समोरच्या आजी-आजोबांनी औषधाच्या पैशातून दीड हजार रुपये काढून हौद भरून घेतला. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला नळाला पाणी आलं.

तो मेसेज खोटा नव्हता, जुना होता. तीन वर्षांपूर्वी जलवाहिनी खरंच फुटली होती, तेव्हाचा. त्यावर तारीख नव्हती, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात शेजाऱ्याची काळजीच होती. मीही तो तीन ग्रुपवर पाठवला होता. त्या आजी-आजोबांकडे तो माझ्याकडूनच गेला असेल, ही बोच अजून जात नाही.

आज मला एवढंच सांगायचं आहे. आपलं म्हणणं आपल्या लोकांपर्यंत पोचवणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्याचं म्हणणं पुढं ढकलणं ही दुसरी. फोनवर या दोन्हींची पार सरमिसळ झाली आहे. मी स्वतः लिहिलेलं माझ्या प्रत्येक फॉलोअरला, त्यानं मागितलं म्हणून, पूर्ण मिळालं पाहिजे. दुसऱ्याचं मी पुढं पाठवतो तेव्हा मूळ लिहिणारा कोण, कधीचं आहे आणि कुणाच्या हातून आलं हे त्यावर दिसलं पाहिजे. शिवाय पाठवताना हात क्षणभर थांबला पाहिजे.

गावात दवंडी पिटली जायची. हलगी वाजायची, ‘ऐका हो ऐका’ म्हटलं जायचं आणि लगेच कळायचं की दवंडी कुणाच्या नावानं आहे. पुढं छपाई आली तेव्हाही तोच विचार कायम राहिला. १८६७च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक केलं. आजही निवडणुकीचं साधं हँडबिल हातात घ्या, खाली मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं असावीच लागतात, १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं कलमच आहे. चौकात वाटायच्या चतकोर कागदाला जो नियम लागतो, तो लाखो फोनवर जाणाऱ्या मजकुराला का लागू नये?

एका दाबात पुढं पाठवायचं हे बटण आलं कसं, तेही पाहू. ट्विटरवर सुरुवातीला दुसऱ्याचं वाक्य पुढं पाठवायचं तर ते हातानं उतरवायचं आणि आधी ‘आरटी’, म्हणजे रीट्विट, लिहायचं, अशी रीत वापरणाऱ्यांनीच पाडली होती. त्यात दोन-चार सेकंद जायचे, वाक्य डोळ्याखालून जायचं. २००९ साली कंपनीनं त्यासाठी बटण दिलं. ते बनवणाऱ्या चमूचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की लहान मुलाच्या हाती भरलेली बंदूक दिल्यासारखं झालं. उतरवण्यात जाणारे ते दोन-चार सेकंद आम्हा सगळ्यांना अडचण वाटत होते. प्रत्यक्षात तीच राखण होती.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. ती बोलायला जड जाते, पण सोलापुरात उभं राहून या विषयावर बोलायचं आणि ती टाळायची, हे मला जमणार नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं तिथं ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा मेसेजनी तो सगळा भाग आधीच पेटलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारी माणसं, त्यांचा अनोळखी चेहरा हाच गुन्हा ठरला. तो मेसेज पहिल्यांदा कुणी लिहिला हे पुढं पाठवणाऱ्यांतल्या कुणाला तरी ठाऊक होतं का? त्यांनी तो आपल्या लेकरांच्या काळजीनंच पाठवला असणार. आमच्या गल्लीतला पाण्याचा मेसेज आणि तो मेसेज एकाच वाटेनं आले, हे मला विसरता येत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनंच सांगितलं. कुणाचं तोंड बंद केलं नाही, कुणाचा मजकूर वाचला नाही, नुसता उंबरठा थोडा उंच केला. लिहिणाऱ्याचं नाव मात्र तिथं आजही मजकुराबरोबर पुढं जात नाही. दोन बाणांची खूण दिसते, मेसेज खूप फिरलाय एवढं कळतं. कुठून निघाला ते कळत नाही.

कुठलाही अडथळा घातला की काम झालं, असंही नाही. २०२०च्या अमेरिकन निवडणुकीआधी ट्विटरनं नुसतं रीट्विट करण्याऐवजी स्वतःचे दोन शब्द घालण्याची विनंती सुरू केली. एकूण शेअरिंग सुमारे २० टक्क्यांनी घटलं खरं, पण लोकांनी घातलेले शब्द पुष्कळदा नावापुरते, एखादाच शब्द, असे होते. डिसेंबरमध्ये कंपनीनं ती पद्धत मागं घेतली. याउलट बातमी न उघडताच पुढं पाठवणाऱ्याला ‘आधी वाचायची आहे का?’ एवढंच विचारलं, तेव्हा बातमी उघडून बघण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. माणसाला राबवण्यापेक्षा नेमका प्रश्न विचारलेला बरा. पाण्याच्या त्या मेसेजवर फोननं मला ‘हा तीन वर्षांपूर्वीचा आहे, तरी पाठवायचा?’ असं विचारलं असतं, तर मी पाठवला नसता.

आता दुसरी बाजू. माझी वहिनी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. चटणी मिक्सरमधली नाही, उखळात कुटलेली. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि दाण्याचं तेल सुटून गोळा मुसळाला चिकटायला लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. चार वर्षांत एका ॲपवर तिला चौदाशे फॉलोअर मिळाले. विकत घेतलेले नव्हेत, चव बघून आलेले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाहेरगावचे पुष्कळ लोक येतात, म्हणून संक्रांतीआधी तिनं पोस्ट टाकली, दीडशे पाकिटं तयार आहेत. ती दिसली शंभराच्या आतबाहेर लोकांना. खाली सूचना आली की आणखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर पैसे भरा. नंतर एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, ‘यंदा चटणी केली नाहीत का हो?’ वहिनीला ते फार लागलं. त्या बाईंनी स्वतः बटण दाबून सांगितलं होतं की हिचं मला कळवत जा, आणि मधल्या ॲपनं कळवलं नाही.

फॉलो करणं म्हणजे दिलेला शब्द आहे. मधल्यानं त्यात आपली निवड घुसडू नये. लिहिलेल्या क्रमानं, सगळं, मागणाऱ्याला मिळावं. बाकी सुचवायचं ते वेगळ्या खिडकीत सुचवा. युरोपात मोठ्या कंपन्यांना माणसाच्या सवयींचा माग न काढता मजकूर दाखवण्याचा पर्याय देणं आता कायद्यानं भाग आहे. आपल्याकडेही तशी मागणी व्हायला हवी.

पण सगळ्यांना सगळंच का? हा प्रश्न सोलापुरात फार खरा आहे. पूर्व भागातला माझा एक मित्र टॉवेलचे भाव मराठीत टाकतो, घरचं लग्नकार्य तेलुगूत लिहितो आणि अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड बोलतो. टॉवेलच्या व्यापाऱ्याला याच्या भाचीच्या बारशाचं काय? २०११ साली गुगल प्लस या गुगलच्या सोशल नेटवर्कनं ‘सर्कल’ आणले होते. लिहिणाऱ्यानं आपल्या माणसांचे गट पाडायचे, प्रत्येक वेळी कुणाला ते ठरवायचं. ते कंटाळवाणं तर होतंच, पण मला त्यात खोलवरची चूक दिसते. माणसांची वर्गवारी करायला आपलं मन तयार होत नाही. २०१५ मध्ये त्यांनीच ‘कलेक्शन’ आणलं, म्हणजे लिहिणाऱ्यानं विषयांचे कप्पे करायचे आणि वाचणाऱ्यानं हवा तो कप्पा निवडायचा. ही रचना मला पटते. निवड घेणाऱ्याच्या हाती राहते. पुढं २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी गुगल प्लसच बंद झालं, पण म्हणून ती कल्पना टाकाऊ ठरत नाही.

मूळ लिहिणाऱ्याचा हक्कही शिल्लक राहायला हवा. मास्टोडॉन हे ट्विटरसारखंच एक सोशल नेटवर्क, तिथं फक्त फॉलोअरसाठी लिहिलेली पोस्ट दुसऱ्याला पुढं पाठवायचं बटणच मिळत नाही. ब्लूस्काय या तशाच दुसऱ्या नेटवर्कवर आपली पोस्ट उचलून कुणी टिंगल चालवली, तर आपण ती तिथून सोडवून घेऊ शकतो. घराच्या अंगणात बोललेलं चौकात नेऊ नये, ही जाण आपल्याला असतेच. ती यंत्रात बसवता येते, एवढं या दोन उदाहरणांवरून दिसतं.

वहिनीनं मात्र कंपन्यांची वाट पाहिली नाही. तिनं दोनशे पानी वही घातली. चटणी न्यायला येणाऱ्याला ती विचारते, ‘पुढच्या वेळी कळवू का?’ हो म्हणणाऱ्याचं नाव वहीत जातं आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत चढतं. यादीत २५६च माणसं बसतात, आणि समोरच्यानं हिचा नंबर साठवलेला असेल तरच मेसेज पोचतो. मेसेजवर ती तारीख घालते, खाली पूर्ण नाव लिहिते. नको म्हणणाऱ्याचं नाव पट्टीनं रेघ मारून खोडते आणि शेजारी खोडल्याची तारीख टाकते. परवा मी वही चाळली. दुसरी यादी भरत आली होती, आणि पहिल्या पानावर त्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचं नाव होतं.