सार्जंट ब्लेअर आणि मोतीहारीचा बंगला

१४ मे १९४० रोजी ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना आपापल्या भागाच्या रक्षणासाठी पुढे येण्याचे आवाहन रेडिओवरून केले आणि आठवडाभरातच अडीच लाखांहून अधिक जणांनी नावे नोंदवली. याच दलाला पुढे ‘होम गार्ड’ म्हणू लागले.

लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातील तुकडीत जूनमध्ये दाखल झालेले एरिक ब्लेअर, म्हणजेच इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल, नवशिके नव्हते. अधू फुप्फुसांमुळे सैन्याने त्यांना नाकारले होते. पण ब्रह्मदेशात त्यांनी पोलीस खात्याची नोकरी केली होती आणि १९३७मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात आघाडीवर गळ्यातून गोळी आरपार जाऊनही ते बचावले होते. होम गार्डमध्ये ते सार्जंट झाले. त्यांचे प्रकाशक फ्रेडरिक वॉरबर्ग त्यांच्या हाताखाली कॉर्पोरल होते. लेखकाने प्रकाशकाला हुकूम सोडावा, असा योग विरळाच.

रस्त्यावरच्या लढाईचे धडे ते टिपणे काढून, मन लावून देत. तरीही एका सरावात त्यांनी मॉर्टरमध्ये, म्हणजे आखूड नळीच्या तोफेत, भलताच गोळा भरला, तेव्हा दणक्याने एकाचे दात पडले आणि दुसरा बराच काळ बेशुद्ध राहिला.

ऑगस्ट १९४१पासून ते दिवसा बीबीसीत भारतासाठीचे कार्यक्रम करीत. तेथे त्यांच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या.

भारताशी हा संबंध जन्मापासूनचा होता. २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारीत त्यांचा जन्म झाला, कारण वडील रिचर्ड ब्लेअर सरकारच्या अफू खात्यात होते. शेतकऱ्यांनी पिकवलेली आणि पुढे चीनच्या बाजारात जाणारी अफू हाच त्या खात्याचा व्यवहार. आई आयडा यांचे फ्रेंच माहेर ब्रह्मदेशातील मौलमेनचे, तर पणजोबांचे वडील चार्ल्स ब्लेअर हे जमैकातील मळ्यांचे आणि तेथे राबणाऱ्या गुलामांचे मालक. इंग्लंडच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या या सार्जंटच्या घराण्याचा पैसा इंग्लंडबाहेरच पिकला होता, आणि हे त्यांना पुरते ठाऊक होते.

स्वयंसेवकाचा बाणा मात्र वडिलांकडूनच आला असावा. पहिल्या महायुद्धात साठीतल्या रिचर्ड यांनी सेकंड लेफ्टनंट होऊन फ्रान्समधील मार्सेय येथे भारतीय मजुरांच्या कंपनीत काम केले होते. मुलाची प्रकृती तेवढी साथ देणारी नव्हती. नोव्हेंबर १९४३मध्ये ऑर्वेल यांनी बीबीसी सोडली, आणि त्याच महिन्यात प्रकृतीमुळे होम गार्डचा गणवेशही उतरवला.