आंबेडकरांचं दहाचं नाणं: सुट्ट्यातलं की संचातलं?

(दृश्य: काळ्या कापडावर तीन नाणी, एक मोठं, दोन एकसारखी)

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 125व्या जयंती वर्षानिमित्त 6 डिसेंबर 2015 रोजी दोन नाणी प्रकाशित झाली: एक 125 रुपयांचं, एक दहाचं. मोठं ओळखायला कष्ट नाहीत. व्यास 44 मिलिमीटर, वजन 35 ग्रॅम. निम्मी चांदी, 40 टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. 75, 150, 1000 असल्या रकमांची नाणी बाजारात फिरायला काढलेलीच नसतात. टांकसाळ ती संचात भरून, दर्शनी किमतीपेक्षा बरीच महाग विकते.

फसगत होते ती दहाच्या नाण्यात. ते सुट्ट्यातही येतं आणि संचातही. दोन्हींत चित्र तेच, व्यास 27 मिलिमीटर, वजन 7.71 ग्रॅम. म्हणजे इथे पट्टी आणि काटा कामाचे नाहीत.

(दृश्य: नाण्यासमोर उभा धरलेला छापील कागद)

आधी पृष्ठभाग बघा. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेल्या नाण्यासाठी साचा आणि कोरी चकती, दोन्ही पॉलिश करतात आणि एकाहून अधिक ठोके देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी दिसते, चेहरा आणि अक्षरं मात्र दुधी, मॅट. मोकळ्या जागेत कागदावरची अक्षरं उलटी पण स्पष्ट दिसली, तर प्रूफची शक्यता दाट.

अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यात आरसा नसतो, पण साच्यातून आलेली झळाळी शाबूत असते. एका दिव्याखाली तिरपं धरून फिरवा. उजेडाचा पट्टा न तुटता नाण्यावरून सरकला पाहिजे. हाताळलेल्या नाण्यात तो उंचवट्यांवर मरतो. दहापट भिंगातून गाल आणि चष्म्याची कड बघा, झीज तिथे आधी दिसते. सुटे ओरखडे दिसले म्हणून लगेच नाकारू नका. नवी नाणी टांकसाळीच्या थैलीतच एकमेकांवर आपटतात.

(दृश्य: भिंगाखाली समांतर बारीक रेषा)

हे मात्र पॉलिश मारलेलं. चमक सगळीकडे सारखी, चेहऱ्यावरसुद्धा. एकाच दिशेच्या केसासारख्या रेषा आणि अक्षरांच्या खाचेत अडकलेली पांढरट पूड. असं नाणं साधं असेल तर दहाच रुपयांचं, आणि खरंच संचातलं असेल तर घासून मातीमोल केलेलं.

आता सालाखालची टांकसाळीची खूण. हिरा म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, टिंब नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफवर हिऱ्याऐवजी ‘एम’ असतो, जुन्या प्रूफवर ‘बी’. हिरा असलेलं नाणं कोणी प्रूफ म्हणून देऊ केलं, तर कागदाची कसोटी पुन्हा लावा.

(दृश्य: 1999 चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं)

स्मारक नाणं म्हणजे दुर्मीळ, ही समजूत सोडा. अकरा बाजूंचं, सहा ग्रॅमचं हे नाणं सर्रास चलनात होतं. वैष्णोदेवीचं 2012 चं पाच रुपयांचंही तसंच; त्याला लाखो रुपये मिळतात म्हणून फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं.

संच मिळालाच, तर सीलबंद राहू द्या. सुटं नाणं कडेने धरा आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा चिकट थर येतो.