न बोलावलेले पाहुणे

(दृश्य: पाण्यात बुडवलेलं काड, दोन हात)

हे ओटचं काड, डोक्यावर घालायचा टोप विणायला. आधी भिजवायचं, कोरडं वळवलं की मोडतं. आणि हवं लांब, अखंड. कम्बाइन हार्वेस्टर काडाचा चुरा करतो, म्हणून टोपासाठी लागणारं पीक शक्यतो हातानंच कापायचं.

जुडीचा शेंडा घट्ट बांधला. आता खालची काडं गोल पसरायची आणि वेणी घालत एकेक फेरा आवळत आणायचा. बोटं बघा. घाई केली की फेरा सैल पडतो, पुन्हा उसवा. हळूहळू उंच, टोकदार टोप उभा राहतो, चेहरा पुरता झाकणारा. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आत कोण ते कळत नाही. सगळी गंमत त्यातच.

(दृश्य: दारावर थाप, टोपवाले आत)

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोसारख्या परगण्यात, यांना स्ट्रॉबॉइज म्हणतात. लग्नघरी आमंत्रण नसलेली शेजारपाजारची पोरं काडाचे टोप घालून रात्री यायची. पुढे त्यांचा कॅप्टन. त्यानं नवरीसोबत नाचायचं. तिनं नाही म्हणणं अपशकुन. बोलणं बेताचंच, आवाजावरून गाव ओळखतं. नाच झाला, घोटभर घेतली, की चालते व्हायचे.

(दृश्य: कुंपणाखाली लहानशी मूर्ती)

हा लाल झग्यातला बाळ येशू, ‘चाइल्ड ऑफ प्राग’. लग्नाच्या आदल्या रात्री याला बाहेर ठेवलं की दिवस कोरडा जातो. मान आपसूक तुटली तर अधिकच शुभ. मुद्दाम तोडलेली चालत नाही! डिंकानं चिकटवलेल्या माना म्हणूनच घरोघरी.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात चर्च लग्नं लावत नसे, त्यामुळे त्याआधी झुंबड. जे बिनलग्नाचे राहिले त्यांच्या पाठीवर लेंटच्या पहिल्या रविवारी खडूच्या रेघा ओढायचे. तो ‘चॉक संडे’.

(दृश्य: संग्रहालयाची काच)

मेयोतच, कॅसलबारजवळ टरलो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्ट्रॉबॉइजचे हे पोशाख जपलेत. छानच. पण टोप विणता येणारा एक माणूस गावात असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तरुण परदेशी गेले, लग्नं हॉटेलात गेली, प्रथा विरळ झाली.

(दृश्य: हॉटेलचा हॉल)

आता स्ट्रॉबॉइजना आधी फोन करून बोलावतात. नवरीला मात्र सांगत नाहीत.

(निवेदन थांबवा. फिडल, पावलं, जमिनीवर सांडलेलं काड.)